टनात

संमतीपत्रात गुप्ततेचं कलम आहे,
म्हणून प्रबंधात ह्या कंपनीचं नाव 'क'.
'क' मकरपुऱ्यात आहे. व्हॉल्व्ह बनवते.
एवढं सांगितलं तरी चालेल,
तिथं दर तिसरी शेड काही ना काही बंद करायचं यंत्र बनवते.

पहिल्या दिवशी मालकांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला.
वर ते, खाली चार मॅनेजर, मग चौकटी, बाळचौकटी,
लग्नाच्या फोटोला उभं राहावं तसं सगळं खातं,
आणि एकाचेही डोळे मिटलेले नाहीत.
धोरण त्यांनी एका दमात सांगितलं:
लहान गिऱ्हाईक, वेळेवर माल.
मोठे आपल्याला विचारत नाहीत, ताई.
मी लिहून घेतलं. वाक्य स्वच्छ होतं.

माझ्याकडे बेचाळीस प्रश्न, उत्तरं पाचपैकी.
तुमच्या कामाचं मोजमाप कंपनीच्या उद्दिष्टाशी जुळतं का?
हसमुखभाई पढियार, फिटर, हात पुसत म्हणाले,
"बेन, चार लखो."
पाच लिहिलं तर कुणाला खरं वाटणार नाही,
तीन लिहिलं तर कुणीतरी विचारायला येईल.
माझ्याकडे एकशे सहा चार जमले.

(दांडिया बाजारात घरी मराठी, शेडमध्ये गुजराती,
प्रबंध इंग्रजीत.
एकच प्रश्न तिन्ही भांड्यांतून ओतताना
दर वेळी थोडा सांडतो.)

डिस्पॅचचे आकडे दुसऱ्या महिन्यात हाती आले.
लक्ष्य एकशे दहा टन, गेला एकशे बारा. हिरवा रंग.
त्याआधीचा महिना हिरवा. त्याच्याही आधीचा.
अकरा महिने हिरवेगार
आणि गिऱ्हाईकं गळतायत,
गळती थांबवण्याचं सामान विकणाऱ्यांची.

रॅकच्या तळाशी खोकी होती.
अर्ध्या इंचाचे व्हॉल्व्ह, मुठीत मावतील असे,
तपासलेले, बांधलेले, वर पत्ते: हालोल, वाघोडिया,
आणंदजवळची एक छोटी डेअरी.
हे का थांबलेत?
शिर्के ठेकेदाराचा माणूस, तक्त्यावर त्यांना चौकट नाही,
नुसती एक तुटक रेघ, तीही कागदाच्या कडेला संपते.
म्हणाले, "ह्यांनी आख्खा टेम्पो भरला तरी टन होत नाही.
आपला बोनस टनात."

टनात.

कुणी लबाड नव्हतं.
जड माल आधी चढत होता, इतकंच.
मालक वेळ म्हणत होते, तराजू वजन ऐकत होता,
आणि तराजूला पगारवाढ देता येत होती.

शिर्क्यांनी लोखंडी दार ओढलं.
आतल्या बाजूला खडूच्या रेघा, चार उभ्या, एक आडवी,
पुन्हा चार उभ्या.
"माल कुठंय, असं विचारणारे फोन. शनिवारी पुसतो."
कुणाला दाखवता?
"दार उघडं असलं की हे भिंतीकडं जातं.
तुम्ही बंद करायला लावलंत म्हणून दिसलं."

गाइड म्हणाले, चांगलं आहे, पण नमुना किती?
एक, मी म्हणाले.
नमुनाच आहे तो, असं मनात आलं. बोलले नाही.

अहवाल मी मालकांना दिला. ते मनापासून ऐकत होते.
आठवड्यात पांढरा फळा आला, त्यावर 'तक्रारीचे फोन',
शेजारी लक्ष्य, त्यासाठी एक सुपरवायझर,
तक्त्यावर एक नवी चौकट.
पुढच्या महिन्यात फोन निम्म्याहून कमी.
फळा हिरवा.

मी गेले तेव्हा डिस्पॅचच्या टेबलावर
रिसीव्हर उताणा पडला होता,
आतून बारीक टूं टूं चाललेलं.
खोकी तिथंच. वरच्या खोक्यावर कुणाचा तरी डबा.

दार धुऊन काढलेलं.
शिर्क्यांच्या शर्टाच्या खिशाला मात्र
पांढरा डाग होता, ताजा.
हल्ली कुठं लिहिता,
हे मी विचारलं नाही.
विचारलं असतं
तर प्रबंधात आलं असतं.